एका अक्षराचं उट्टं

सोमवार, ४

लिहून ठेवते आहे ती राग निवू नये म्हणून. वन्सं म्हणतात, चार दिवस गेले की सगळं थंड होतं. मला थंड व्हायचंच नाहीये.

शनिवारी मुख्याध्यापिकाबाईंच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. सभागृह भरलेलं. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, अर्पणपत्रिकेचं पान उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा ऐन तारुण्यात गेला, पुस्तक त्याला अर्पण केलंय. मी जुळवलं होतं ‘माझ्या मुलास’. छापून आलं होतं ‘माझ्या मुळास’. बाई फक्त “मुळास?” एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. नंतर त्यांनी भाषण केलंच नाही.

आणि आमचे मालक, ज्यांच्या छापखान्यात मी ऐन उमेदीची वर्षं घातली, ते अख्ख्या सभागृहासमोर माझ्यावर ओरडले. “बाई, लक्ष कुठे होतं तुमचं? ‘ल’ दाबताना शिफ्टवर बोट पडलं, तेवढंही समजलं नाही?” आमच्या कीबोर्डवर ल आणि ळ एकाच बटणावर आहेत, हे खरं. पण माझं बोट घसरत नाही.

तेवढ्यात कानामात्रा उठला. कानामात्रा म्हणजे आमचा प्रूफरीडर. एका काना-मात्रेसाठी चालू मशीन थांबवायला लावतो म्हणून हे नाव. मोठ्या नम्रतेने म्हणाला, “शेवटचं पान माझ्या नजरेखालून गेलंय. दोष माझा धरा.” लोक हळहळले, किती मोठं मन! दोष माझा म्हणायचं, पण अशा सुरात, की ऐकणाऱ्याला तो दुसऱ्याचाच वाटावा.

गुरुवारी दुपारी ते पान मी या डोळ्यांनी पाहिलंय. ‘मुलास’ होतं. पानं लावायचा कॉम्प्युटर छापखान्यात एकच. माझ्यानंतर त्याच्यावर एकच माणूस बसला. महिन्यापूर्वी एका वेलांटीवरून आमचं वाजलं होतं, मालकांसमोर मी खरी ठरले, तेव्हा हाच म्हणाला होता, “बाई, एक दिवस तुमचंही अक्षर घसरेल.”

घसरलं नाही, घसरवलंय. याचं उट्टं काढल्याशिवाय मी राहणार नाही.

मंगळवार, ५

मला कॉम्प्युटरवरून उठवलं. आता फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालते. घडी घालताना कागदावर हाडाची पट्टी फिरवायची असते. प्रत्येक घडीला मी कानामात्राचं नाक समजून फिरवली. घड्या फार सुबक झाल्या म्हणे.

शुक्रवार, ८

आज हा प्राणी घरी आला! संध्याकाळी दार वाजलं. खिडकीतून पाहिलं आणि वन्संना खुणेने सांगितलं, मी घरात नाही. वन्संनी दार उघडलं, तो काहीतरी बोलला आणि गेला. वन्सं हातात संत्र्यांची पिशवी घेऊन आत आल्या.

“घेतलीत कशाला?”

“माझं संत्र्यांशी भांडण नाही,” त्या म्हणाल्या आणि सोलायला बसल्या. “म्हणत होता, वहिनींना सांगा, मी मालकांशी रोज बोलतोय.”

म्हणजे रोज कान भरतोय! आणि ते माझ्याच दारात येऊन सांगतोय. निगरगट्टपणाचीही हद्द असते.

वन्संचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. हे गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या, पण एक्स्चेंज काही त्यांच्यातून गेलं नाही. संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाल्या, “लाइनमध्ये बिघाड असला ना, की दोन्हीकडची माणसं एकमेकांना शिव्या घालतात. मधल्या तारेला कुणी विचारत नाही. ते मशीन तपासलंस का?”

“मशीन कशाला माझ्या वाईटावर असेल?”

“तपासलंस का, एवढंच विचारलं.”

मी चिडले. पण भांडी घासता घासता डोक्यात उजेड पडला. तपासायलाच हवं! उद्या कानामात्राही म्हणेल, माझा हात नव्हता, मशीनच बिघडलं असेल. ती पळवाट आधीच बुजवायची. मशीन निर्दोष ठरलं, मी निर्दोष आहेच, की उरला कोण?

मालकांनी ज्याच्याकडून त्या मशीनवर लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, टाकून घेतलीय त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मशीनची मेमरी तपासायचा एक प्रोग्राम असतो, मेमटेस्ट. मशीन चालू होताना कुठून सुरुवात करायची ते विचारणारी एक यादी येते, तिला बूट मेनू म्हणतात. त्या यादीत हा प्रोग्राम घालायचा. मग लिनक्स सुरूच न करता तो थेट मेमरीचा कोपरा न कोपरा झाडून बघतो.

“मला जमेल?”

“बाई, तुम्ही जोडाक्षरं जुळवता. हे त्याहून सोपं आहे.”

रविवार, १०

छापखाना बंद. किल्ली माझ्याकडे असतेच. सकाळीच जाऊन बसले. रिकामा छापखाना किती मोठा वाटतो! फक्त शाईचा वास आणि मी.

काळी खिडकी उघडून दुरुस्तीवाल्याने सांगितलेला हुकूम टाइप केला. हुकमाच्या आधी ‘सुडो’ लिहायचं. सुडो म्हणजे, मी मालक आहे, ऐक. हा शब्द मला फार आवडला. मालक कानामात्राला घालवताना असंच काहीतरी म्हणतील, असं मनात आलं आणि मी एकटीच हसले.

मेमटेस्ट बसलं. मशीन बंद करून चालू केलं, तर यादीबिदी काही नाही, सरळ नेहमीचा पडदा. पुन्हा फोन. दुरुस्तीवाला जेवत होता. तोंडातल्या घासासकट म्हणाला, “यादी आहे, पण लपवून ठेवलीय. एका फाइलमध्ये थांबायची वेळ शून्य लिहिलेली दिसेल, ती दहा करा. ‘हिडन’ असेल तिथे ‘मेनू’ लिहा. आणि मग अपडेट-ग्रब चालवा. ते विसरलात तर केलेलं सगळं पाण्यात.” ग्रब म्हणजे ती यादी दाखवणारा. त्याला नवी यादी वाचून दाखवल्याशिवाय तो जुनीच घोकत बसतो. आमच्या मालकांसारखा.

केलं. मशीन चालू झालं आणि काळ्या पडद्यावर यादी आली. पहिली ओळ लिनक्सची, आणि खाली माझी, मी घातलेली: मेमरी टेस्ट. बाण खाली नेला, एंटर दाबलं. निळा पडदा आला आणि आकडे पळायला लागले.

दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं, निदान एक फेरी पुरी होऊ द्या, दोन-तीन झाल्या तर उत्तम. घाई करू नका. मी खुर्ची ओढून बसले. चुकांच्या रकान्यात शून्य. जेवणाचा डबा खाऊन झाला, शून्य. अर्धी फेरीही झाली नव्हती, पण शितावरून भाताची परीक्षा होतेच की. मला हवं ते मिळालं होतं. मशीन बंद केलं, कुलूप लावलं, आणि येताना वन्संसाठी फुलं घेतली.

सोमवार, ११

मालकांच्या खोलीत गेले. “मशीन निर्दोष आहे. मी स्वतः तपासलंय.”

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. “बरं मग?”

“मग माझ्यानंतर त्या पानाला हात कुणाचा लागला, तेवढं बघा.”

“कानामात्राचा? अहो, तो तर रोज येऊन सांगतोय, बाईंना परत जागेवर बसवा म्हणून.”

“मन खात असेल त्याला.”

“मुद्दाम केलं म्हणता? मला नाही पटत.” आणि ते पुन्हा बिलं बघायला लागले. झालं. विषय संपला त्यांच्या लेखी.

मी हलले नाही. माझ्याकडे एक पान राखून ठेवलेलं होतं. गेल्या वर्षी जिन्याच्या कोपऱ्यात कानामात्रा मला म्हणाला होता, “बाई, डावा डोळा पहिल्यापासूनच अधू, आता उजव्यातही मधोमध धुकं आहे. डॉक्टर म्हणतात, वाढणार. कुणाला सांगू नका, वाचण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.” मी बरं म्हटलं होतं.

“मुद्दाम नसेल,” मी मालकांना म्हणाले, “तर दिसत नसेल. त्यांचा उजवा डोळा गेलाय. माहीत नाही तुम्हाला?”

मालकांनी पेन खाली ठेवलं.

तोंडून निसटलं वगैरे काही नाही. विचार करून, एकेक शब्द जुळवून बोलले.

बुधवार, १३

तो गेला. मालकांनी त्याला सगळ्यांसमोर खिडकीशी बोलावलं, बारीक टाइपाचा कागद दिला आणि डावा डोळा झाकायला सांगितलं. तो उभा राहिला, कागद जवळ घेतला, लांब धरला. मग न वाचताच परत दिला. “नाही दिसत,” म्हणाला.

भिंग खिशात घातलं, डबा घेतला. जाताना माझ्या टेबलाशी थांबला. “येतो, बाई.” एवढंच. त्यात ना राग, ना काही. नाटकी माणूस.

जिंकले मी. संध्याकाळी घरी येऊन हे पहिल्यांदा वन्संना सांगितलं. त्यांनी विचारलं, “डोळ्याचं मालकांना कुणी सांगितलं?” मी म्हटलं, असल्या गोष्टी लपतात होय. त्यांनी ताटात आणखी वाढलं नाही, मीच उठून वाढून घेतलं. भूक चांगली लागली होती. हो, चांगलीच.

मंगळवार, १९

परत माझ्या खुर्चीवर. नवीन प्रूफरीडर अजून मिळालेला नाही, तोवर माझं मीच वाचायचं. कसली कटकट नाही, वेलांटीवरून वाद नाही. छापखाना कसा शांत.

आज इंजिनिअरांच्या संस्थेची माहितीपत्रिका छापून आली. पहिल्याच पानावर, ‘नदीवर दोन नवे फूल बांधण्यात आले.’ मी ‘नवे पूल’ लिहिलं होतं. पुलाचं फूल? वाचून पाठवलं होतं मी!

छपाईचं मशीन चालवणारा हसत सुटला. मग कळलं. कानामात्राकडे अजून छापखान्याची किल्ली असणार. रविवारी येऊन बसला असेल गुपचूप. घर फिरलं की वासेही फिरतात, आणि हा तर पहिल्यापासूनच फिरलेला वासा.

मालकांच्या मागे लागून कुलूप बदलून घेतलं. पासवर्डही बदलला. आता ये म्हणावं.

शुक्रवार, २२

प्राण्यांच्या डॉक्टरांची पुस्तिका. औषध किती द्यावं याचं कोष्टक. सकाळी छापील पान आलं: ‘मांजर लहान असल्यास अर्धी यात्रा पुरे.’

डॉक्टर बिचारे फोनवर हसत होते. “बाई, आमची मांजरं एवढी भाविक नाहीत हो.” मलाही हसू येणार होतं, पण आलं नाही. मी ‘मात्रा’ लिहिलं होतं. म चा य झाला होता.

फोन ठेवून कीबोर्डकडे बघत बसले. ल आणि ळ एका बटणावर. प आणि फ एका बटणावर. शिफ्ट दाबली गेली म्हटलं की विषय संपतो. पण म डाव्या हाताशी खाली, आणि य पार उजव्या टोकाला. असं कुठलं बोट एवढं घसरतं? आणि मुद्दाम करणारा तरी असलं कशाला करेल? मुळास लिहून कुणाचं तरी काळीज कापता येतं. मांजराला यात्रेला पाठवून कुणाचं काय बिघडवता येतं?

कुलूप नवं. पासवर्ड नवा. तो नव्हताच इथे.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, “त्या दिवशी फेरी पुरी केली होतीत ना?”

रविवार, २४

दुरुस्तीवाला स्वतः आला. वन्संही आल्या, नको म्हटलं तरी. यादी आली, माझी ओळ निवडली, निळा पडदा, आकडे. शून्य. शून्य. त्या दिवशी मी जिथे उठले होते ती वेळ गेली. मी श्वास सोडणार एवढ्यात एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग पडदा भरून, भांगात कुंकू सांडल्यासारखं लाल. थोडंसंच पुढे होतं. आणखी थोडा वेळ बसले असते त्या रविवारी, तर.

दुरुस्तीवाल्याने बोट ठेवून दाखवलं, प्रत्येक ओळीत बिघाड तोच. “मशीनच्या आत अक्षरं नसतात, बाई, आकडे असतात. त्याच्या लेखी ल च्या शेजारचं घर ळ चं, प च्या शेजारी फ, म च्या शेजारी य. मेमरीतला एक कण चिकटून बसलाय. तिथे एखादं अक्षर नेमकं सापडलं, की ते शेजारच्या घरात जाऊन बसतं. नेहमी नाही. त्या जागी येईल तेव्हाच. म्हणून तर वाचताना बरोबर दिसतं आणि नंतर बिघडतं.”

म्हणजे कुणीच नाही. एवढा राग मी एका कणावर केला होता.

त्याने मशीन उघडून जिभेएवढ्या दोन हिरव्या पट्ट्या काढल्या. एकेक लावून पुन्हा तपासलं. एक स्वच्छ निघाली, दुसरी लाल. लाल निघालेली माझ्या तळहातावर ठेवली. वजनच नाही तिला.

वन्सं चपला घालून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

सोमवार, २५

मालकांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. “झालं तर! म्हणजे तुम्ही निर्दोष. मुख्याध्यापिकाबाईंकडे मी जातो, पान नव्याने छापून देऊ. तुमचीही जाहीर माफी मागतो, हवं तर.”

“आणि त्यांची?”

“कुणाची?”

“कानामात्रांची. त्यांनीही काही केलं नव्हतं.”

मालक अवघडले. “अहो, पण त्याचा डोळा काय मेमरीची पट्टी आहे, नवी बसवायला? प्रूफरीडरला दिसत नाही, हे खरंच आहे ना? तुम्हीच तर सांगितलंत.”

खोटं सांगितलं असतं, तर आज मागे घेतलं असतं. मी खरं सांगितलं होतं. त्याचं काय करायचं?

जिना उतरले, परत चढले. “ते नसतील तर मीही नाही,” म्हटलं. “मांजरांची पुस्तिका दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घ्या.” मालक आधी हसले, मग घाबरले, मग चिडले. शेवटी म्हणाले, “ठीक आहे, पण त्याच्या डोळ्याची भरपाई तुम्ही करायची. तुम्ही मोठ्याने वाचायचं, त्याने ऐकून चुका काढायच्या. जमतंय का बघा.”

मंगळवार, २६

त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं. तो इस्त्री करत होता, हाताने चाचपत, शिवणीच्या कडेकडेने. मला वाटलं होतं आवाज ओळखून थांबेल. नाही थांबला.

“मशीनची मेमरी खराब होती,” मी उभ्याउभ्याच म्हणाले. “म्हणजे ते तुम्ही नव्हतात.”

“मी नव्हतो, हे मला माहीत होतं.”

“तुमच्या डोळ्याचं मी सांगितलं मालकांना.”

“तेही माहीत होतं. तिसऱ्या माणसाला ठाऊकच नव्हतं. हिलासुद्धा नाही.” त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर इथे लिहिता येत नाही.

“मला माफ करा.”

“नाही.” त्याने इस्त्री उभी केली. आवाज जराही चढला नव्हता. “चहा घ्या. घरी आलेल्याला चहा देतो आम्ही. माफी नाही देणार.”

मी चहा घेतला. मग मालकांचं बोलणं सांगितलं. तो शर्टाची बाही उलगडत राहिला.

“वाचणार तुम्ही?”

“हो.”

“मोठ्याने?”

“हो.”

“सगळं? ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं उच्चारून?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“आणि दिवसभर मी समोर बसणार. रोज.”

“हो.”

त्याने शर्टाची घडी घातली, हाताने दाबली. आणि मग हसला. एवढ्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. “मग येतो,” म्हणाला. “अशी संधी कोण सोडेल?”

सोमवार, २

आला. टेबलावर वाचायची कामं पडली होती. प्रवासवर्णन होतं, एक छान कथासंग्रह होता. त्याने चाचपून सगळ्यात जाड गठ्ठा काढला. नळजोडणीच्या सामानाची सूची.

“हे आधी,” म्हणाला.

संध्याकाळी आवाज बसला होता. वन्संनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. “कसा आहे तो?” त्यांनी विचारलं. “दुष्ट आहे,” मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. वन्सं कितीतरी दिवसांनी माझ्याशी नीट हसल्या.

गुरुवार, ५

आजही सूचीच. तो डोळे मिटून, खुर्चीत मागे रेलून बसतो. बोटं टेबलावर.

“कोपर, पितळी, स्वल्पविराम, अर्धा इंच, स्वल्पविराम, आतून आटे, पूर्णविराम.”

“आटे की आट्टे?”

“आटे. एकच ट.”

“पुन्हा वाचा.”

वाचलं.

“पुन्हा.”

ओळ बरोबर होती. मला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं. मशीन चालवणारा दारातून डोकावून गेला. मी मान वर करून पाहिलं. कानामात्रांचे डोळे मिटलेलेच होते, पण चेहरा असा खुलला होता, की एखाद्याला वाटावं, गाणं ऐकतोय.

“थांबलात का, बाई? पुन्हा.”

मी पाण्याचा घोट घेतला आणि तीच ओळ पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.